गार कोपरा

डोळे मिटा बरं जरा. अर्धे नाही, पूर्ण.

आता असं समजा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. जे खरोखरच आहेत, त्यांना काही कष्ट नाहीत. तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत उभे आहात. बाहेर चैत्रातली दुपार आहे, खानदेशातली, अंगणात पाऊल टाकलं की चटका बसणारी. खोलीत धान्याच्या कोठ्या आहेत. त्यांच्यामागे, अगदी कोपऱ्यात, तुमच्या गुडघ्यापर्यंत येईल एवढं उंच कल्हईचं पातेलं आहे आणि त्यावर ताट झाकलेलं आहे. ते ताट तुम्हाला उचलायचं आहे. आत नुसते गहू आणि पाणी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी हात पुढे होत नाही. कारण ताटाखालून आवाज येतो आहे. बारीक, चुळचुळ, कोणी कुजबुजत असल्यासारखा.

उघडा डोळे. ती मुलगी मी होते.

"काकू!" मी ओरडले. "गहू बोलतायत!"

"काय बोलतायत गो?" मागच्या पडवीतून वासंतीकाकूचा आवाज आला. "मला विचारतायत का? सांग त्यांना, काकूला कावळा शिवलाय, ती काही येत नाही."

कावळा शिवला म्हणजे काय, हे तुमच्यातल्या मोठ्या मुलींना माहीत असेल. महिन्यातले ते चार दिवस बाईनं बाजूला बसायचं, स्वयंपाकाला, पाण्याला, लोणच्याला हात लावायचा नाही, असं तेव्हा घरोघरी होतं. मुलांनी विचारलं, की सांगायचे, कावळा शिवला. लहान असताना मी तो कावळा शोधायला गच्चीवर जात असे.

काकू आमच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. ती देवगडची, भातखाऊ मुलखातली. गव्हाची कुरडई तिनं आमच्या चोपड्याला येईपर्यंत पाहिलीसुद्धा नव्हती. आणि त्या वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लीलाफुईचं, म्हणजे माझ्या आत्याचं, लग्न होतं. रुखवतात कुरडया हव्याच. आमच्याकडे सासरची माणसं मुलीच्या रुखवतातली कुरडई तळून बघतात आणि मग माहेरच्या बायका कशा आहेत ते ठरवतात. म्हणून आजीनं शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या हातानं गहू भिजत घातले, काकूला शेजारी बसवून सगळं शिकवलं आणि रविवारी सकाळी लीलाफुईला घेऊन साड्यांच्या खरेदीला धुळ्याला गेली. जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "वासंती, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. बाकी काही करायचं नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी येते. मंगळवारी रात्री वाटू. तीन दिवस म्हणजे तीन दिवस."

मग थांबली आणि आत न बघता, आवाज थोडा चढवून म्हणाली, "आणि मालन, तू तिकडे फिरकू नको."

मालन म्हणजे माझी आई.

रविवारी दुपारीच काकू बाजूला बसली. बाबा एसटीवर ड्रायव्हर, ते मुक्कामी गाडीवर. काका नोकरीच्या गावी. घरात राहिलो आम्ही तिघी. एकीला हात लावायचा नाही म्हणून पडवीत गोणपाटावर बसलेली, दुसरीला तिकडे फिरकायचंच नाही म्हणून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून भाकरी थापणारी. आणि पातेल्यापाशी मी.

"ताट काढलंस का?" काकू म्हणाली.

"काढते."

मी काढलं. वर फेस आला होता. सकाळी नव्हता. मी तसं ओरडून सांगितलं.

"फेस?" काकू गोंधळली. "आत्याबाई म्हणाल्या होत्या, फेस मंगळवारी येईल." आजीला आई आणि काकू आत्याबाई म्हणत. "आज तर सोमवार. उमे, नीट बघ, साबणाचा हात तर नाही ना लागला तुझा?"

"नाही गं!"

"मग असेल थोडासा. पाणी बदल आणि झाकून टाक."

मी तांब्या बुडवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"उमे," आई आतूनच म्हणाली, "फेस बारीक आहे का मोठमोठे बुडबुडे?"

मला आठवतंय, मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. दोन वर्षांत आईनं गव्हाचं, पापडाचं, लोणच्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मोठे," मी म्हणाले. "फुटतायत."

"वास घे. ताकासारखा येतो का मोरीसारखा?"

मी नाक खाली नेलं. "ताकासारखा. पण आंबट ताक. परवाचं असतं ना, तसं."

आई म्हणाली, "एक गहू घे, तळाचा. बोटात धरून दाब."

मी कोपरापर्यंत हात घातला. पाणी कोमट होतं. गहू काढून दाबला. पचकन दुधासारखं पांढरं बाहेर आलं आणि बोटांत नुसतं साल राहिलं. मी ते दोघींना ऐकू जाईल असं सांगितलं.

"झाले," आई म्हणाली. "ते झालेत. आज रात्रीच्या आत वाटायला हवेत."

"जाऊबाई," पडवीतून काकू, "आत्याबाईंनी मंगळवारची रात्र सांगितलीय. तीनदा सांगितलीय. मी बोटं मोजून दाखवली तेव्हा गेल्या त्या."

"ते मलाही ऐकू आलं."

"मग?"

"मग काही नाही. ठेवा मंगळवारपर्यंत." आणि भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली, पहिल्यापेक्षा जोरात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एका दिवसानं काय होतं? त्यासाठी दोन वर्षं मागे जायला हवं.

दोन वर्षांपूर्वी, मी सात वर्षांची असताना, याच पातेल्यात याच कोपऱ्यात आजीनं गहू भिजवले होते आणि पाणी बदलायचं काम आईकडे होतं. तिसऱ्या रात्री वाटायला काढले तर वास भपकन अंगावर आला. तरी आजीनं वाटले. सकाळी गव्हाचा चीक बघितला, तर पांढरा नाही, लालसर, आणि आंबट ढाण. शेजारच्या द्वारकाबाई सोऱ्या घेऊन मदतीला आल्या होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "कोणाचा तरी विटाळ झाला वं यमुनाबाई," एवढंच आजीला म्हणाल्या.

आजीखेरीज गव्हांना हात लावलेली बाई एकच होती. आई शपथा घेत होती, "नाही हो आत्याबाई, खरंच नाही, माझी तारीख अजून लांब आहे." आजीनं ऐकून घेतलं. मग पातेलं उचललं आणि सगळ्या गल्लीसमोर गटारात उपडं केलं. "तुझ्या हाताला वाळवण सोसत नाही," असं म्हणाली. ओरडून नाही, शांतपणे. म्हणून ते जास्त लागलं.

त्यानंतर आईला कोणी पापड लाटायला बोलावलं नाही. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे जायच्या, आमच्या दारावरून हसत-बोलत जायच्या. आई तेव्हा दार लोटून घ्यायची. माझ्या वर्गातली शैला एकदा मला म्हणाली, "तुझ्या आईनं लोणच्याकडे बघितलं तरी बुरशी येते, हो ना?" मी तिची वेणी ओढली आणि शिक्षा झाली. का ओढली, ते घरी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी आजोबा गेले, म्हणून वाळवण झालंच नाही. त्यामुळे त्या लाल चिकानंतरचे हे पहिलेच गहू होते. बिघडले, तर लीलाफुईचं रुखवत तर जाणारच होतं, पण काकूचं नावही आईच्या नावाशेजारी जाऊन बसणार होतं. आणि गल्ली म्हणणार होती, मालन घरात असली की असंच होतं.

काकूला हे सगळं माहीत होतं. ती गोणपाटाच्या सुतळ्या ओढत राहिली.

"उमे," ती शेवटी म्हणाली, "निदान पाणी तरी बदल. गार माठातलं घाल. थोडा दम निघेल त्यांचा."

पाणी काढायला पातेल्याच्या पलीकडे जावं लागे. मी कोठी आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून आत शिरले. वाकताना उघडं कोपर भिंतीला टेकलं.

"आई गं!"

"काय झालं? विंचू?" दोघी एकदम ओरडल्या.

"नाही. भिंत."

"भिंत काय?"

"भिंत चावली." मी कोपर चोळत म्हणाले. मग हात लावून बघितला आणि पटकन मागे घेतला. "तापलीय. तव्यासारखी."

काकू हसली. "चैत्रात भिंती तापणारच गो. इथे तर माणसंही तापतात."

"ही आतली भिंत आहे," आई म्हणाली. तिचा आवाज जवळून आला. वळून बघितलं, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात तसेच. खोलीच्या उंबऱ्याबाहेर, पण दारात. "तिच्यावर ऊन कधी पडत नाही. हा घरातला सगळ्यात गार कोपरा आहे. आत्याबाईंच्या सासूबाईंपासून गहू इथंच भिजतात. उमे, पुन्हा हात लाव. नुसती कोमट आहे का भाजतंय?"

"भाजतंय."

"सगळीकडे?"

मी हात फिरवत गेले. कोठीमागे गार. मधे कोमट. पातेल्याच्या मागे मात्र हात ठेवता येत नव्हता. आणि मग कान भिंतीजवळ गेला तेव्हा मला ऐकू आलं, पलीकडून, घरघर आणि लोखंडी पत्र्याचा खणखण आवाज.

"हुसेनचाचांची भट्टी!" मी म्हणाले.

हुसेनचाचांची बेकरी आमच्या भिंतीला भिंत लावून होती. शाळेतून येताना ते आम्हाला टोस्टचा चुरा द्यायचे.

"भट्टी तिकडे रस्त्याच्या अंगाला आहे ना?" आई म्हणाली.

"ती जुनी. ती पाडली. नवी मागे बांधली, विटांचा ढीग नव्हता का आपल्या दाराशी? मी आणि शैला वाळूत किल्ला करायचो, तू मला मारलं होतंस, केसांत वाळू गेली म्हणून."

"कधी?" आईनं विचारलं. "उमे, आठव नीट. कधी ते?"

मी आठवलं. वाळूचा किल्ला, त्यावर खोचलेली वाळलेल्या चिकाची खपली, लाल. गटारापाशी पडलेली.

"तेव्हाच," मी म्हणाले. "चीक लाल झाला तेव्हा."

आईनं दाराची चौकट धरली. पिठाचा हात चौकटीवर पाचही बोटांनी उमटला. पडवीत काकू उठून उभी राहिल्याचं मला ऐकू आलं, गोणपाट सरकलं.

"अगो बाई," काकू हळूच म्हणाली. "दोन वर्षं?"

मला वाटलं आई रडेल. ती रडली नाही. तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला, उंबरा ओलांडला आणि मला म्हणाली, "सरक."

पातेल्याचे दोन्ही कान धरून तिनं ते भिंतीपासून ओढलं. फरशीवर करकर आवाज झाला. मी घाबरून म्हणाले, "आई, आजीनं सांगितलंय..."

"माहितीये काय सांगितलंय."

"आपण आजीला सांगू. भिंतीचं सांगू."

"सांगून काय होतं गं? तेव्हाही मी सांगतच होते." ती पाटा धुऊ लागली. "तू पाणी आण. आणि पुढच्या दाराची कडी घाल."

त्या संध्याकाळी मी जे शिकले ते कुठल्याही शाळेत शिकले नाही. आई वाटत होती, मी मूठमूठ गहू पुढे सरकवत होते. वाटलेलं पाण्यात कालवायचं, फडक्यातून पिळायचं, चोथा बाजूला, दूध पातेल्यात. काकू पडवीतून सारखी विचारायची, "आता काय चाललंय? सांगा ना कोणीतरी. मी इथे गोवऱ्यांशी बोलत बसलेय."

"पिळतेय," मी सांगायची.

"जाऊबाई, एक विचारू?" काकू मधेच म्हणाली. "गच्चीवर वाळत घातल्यावर कावळे येऊन चोच मारतात ना कुरडयांना? त्या नाही होत लाल?"

आईचा वरवंटा थांबला. मग दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला पोट धरून हसताना बघितलं. "वासंती, हे आत्याबाईंना विचारून बघ," ती म्हणाली. "मी लांबून बघते."

हसू ओठांवर होतं तेवढ्यात कडी वाजली.

"मालन! अगं विरजण आहे का चमचाभर?" द्वारकाबाई.

आई झटकन उठली, हात पदराखाली घेऊन चुलीशी गेली. मी वरवंटा धरून पाट्यापाशी बसले. काकूनं दाराकडे तोंड करून सांगितलं, "ढकलू नका हो, कडी आहे. उमे, काढ." मी ओल्या हातांनी कडी काढली.

द्वारकाबाई आत आल्या. त्यांचे डोळे विरजणावर नव्हते. पाटा बघितला, पातेलं बघितलं, चोथ्याचा ढीग बघितला.

"आजच वाटायला काढले? यमुनाबाई तर मंगळवार म्हणत होत्या."

"लवकर झाले," काकू म्हणाली. "उमी वाटतेय. मी इथून सांगतेय."

"ही? एवढी?" त्यांनी माझे दंड बघितले. "बरीच ताकद आहे वं तुझ्यात." मग चुलीकडे बघून म्हणाल्या, "मालन, विरजण दे ना. हात का लपवतेस?"

आईनं एक हात बाहेर काढून वाटी पुढे केली. मनगटापर्यंत पुसलेला होता. कोपरापाशी पांढरा ओघळ वाळून राहिला होता.

द्वारकाबाईंनी वाटी घेतली. "येऊ दे यमुनाबाईंना," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

रात्रभर चीक पाणी ठेवायच्या ओट्याखाली, माठाच्या पाझरानं भिजलेल्या जागेत, ओलं पोतं गुंडाळून ठेवला. मी दोनदा उठून पातेल्याला हात लावला. गार होतं. झोपायच्या आधी काकूनं ठरवून टाकलं होतं, "सगळं उमीनं केलं. मी बोलून करवून घेतलं. असंच सांगायचं. जाऊबाई जवळही आल्या नाहीत. उमे, कळलं?"

"नऊ वर्षांची पोर पायलीभर गहू वाटते?" आई म्हणाली. "आत्याबाई काय कुकुलं बाळ आहेत?"

"उमी म्हणाली तर ऐकतील. त्या उमीचंच ऐकतात."

हे मात्र खरं होतं. आजीची चिल्लर हरवली, कोणी तूप खाल्लं, मांजर कोणी आत घेतलं, काहीही झालं तरी आजी मला हनुवटीला धरून विचारायची, आणि मी सांगितलं की विषय मिटायचा.

पहाटे आईनं निवळ काढायला घेतली. चीक तळाशी बसतो, वर पिवळं पाणी येतं, ते हळूहळू ओतून टाकायचं, पांढरं दिसू लागलं की थांबायचं. आईनं पातेलं कलतं केलं आणि मला धारेपाशी बसवलं. "तू बघ. मला वरून दिसत नाही." मी श्वास धरून बघत होते. पिवळं, पिवळं, पिवळं... मग धारेत एक पांढरी दोरी आली. "थांब!" ती थांबली. आम्ही दोघींनी एकदम आत बघितलं.

चीक पांढरा होता. भिंतीला नवा चुना लावावा, तसा.

आई म्हणाली, "वासंती, पांढरा आहे." तिचा आवाज असा होता, की पडवीत काकूनं नाक ओढलं.

आधणात मीठ टाकून चीक शिजवला. आई लाकडी चाटूनं घोटत होती, वाफ तोंडावर येत होती. एक थेंब मनगटावर उडाला, फोड आला, तिनं हात थांबवला नाही. थांबलं की गाठी होतात. चकाकी आल्यावर वाटीभर चीक दूध-साखर घालून मला दिला, तसाच काकूला वरून तिच्या वाटीत सोडला. मग गच्चीवर खाट, खाटेवर ओलं धोतर, आणि आई सोऱ्या फिरवत गेली. गोल, त्यात गोल. ऊन वर यायच्या आत खाट भरली. वर काळा कपडा बांधला, कावळ्यांसाठी.

आजी गाडीतून उतरून आली, तेव्हा तिच्यामागे द्वारकाबाई होत्या. कोपऱ्यावरच गाठलं असणार. लीलाफुई पिशव्या घेऊन मागे. आजीनं पायसुद्धा धुतले नाहीत. कोठ्यांच्या खोलीकडे गेलीच नाही, सरळ गच्चीचा जिना चढली. आई वरच होती. मी आईजवळ होते.

आजी खाटेपाशी बसली. एक कुरडई काठाकडून उचलली, ती अजून ओलसर होती. उलटी केली. नाकाशी नेली. मग दुसरी. मग मधली.

"पांढऱ्या आहेत," ती म्हणाली.

"आहेत खऱ्या," द्वारकाबाई म्हणाल्या, "पण केल्या कोणी ते तर विचारा."

"आत्याबाई," खालून, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून काकू ओरडली, "मी हात लावला नाही हो! मी बाहेर बसलेय! उमीनं केल्या, मी नुसतं सांगत होते!"

"वासंती, तू थांब." आजीनं मान वर केली आणि आईकडे बघितलं. आईनं हात पाठीमागे नेला. फोडाचा हात. आजीला तो दिसला का, मला माहीत नाही. तिनं हातातली कुरडई हळूच खाटेवर ठेवली आणि खालच्या धोतराचं टोक धरलं. गेल्या वेळी पातेल्याचे कान धरले होते तसंच, शांतपणे.

"उमे, इकडे ये."

मी गेले. तिनं माझी हनुवटी धरली.

"माझ्याकडे बघ. तुझ्या आईनं हात लावला?"

लीलाफुई जिन्यात पिशव्या घेऊन तशीच उभी होती. द्वारकाबाईंनी पदर तोंडाजवळ नेला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी थोडी, कोणाला कळणार नाही एवढी, मान हलवली. नाही म्हण.

नाही म्हटलं असतं, तर कुरडया वाचल्या असत्या. रुखवतात गेल्या असत्या. गल्लीनं माझं कौतुक केलं असतं. आणि आईच्या हाताला वाळवण सोसत नाही ते नाहीच, हे कायमचं राहिलं असतं. हो म्हटलं असतं, तर खाट गटाराकडे गेली असती. भिंतीचं सांगायला लागले असते, तर ते नऊ वर्षांच्या पोरीचं सांगणं ठरलं असतं, आईनं पढवलेलं.

मी हनुवटी सोडवून घेतली. आजीचा हात धरला, ज्या हातानं तिनं धोतराचं टोक धरलं होतं तोच, आणि ओढू लागले.

"अगं, काय हे? कुठे नेतेस?"

मी तिला जिना उतरवला. काकूजवळून नेलं, ती अंग चोरून बाजूला झाली. स्वयंपाकघरातून, पिठाची पाच बोटं उमटलेल्या चौकटीतून, कोठ्यांच्या मागे. मागून आई येत होती, तिच्या मागे द्वारकाबाई.

"हा तर गार कोपरा," आजी म्हणाली. "इथं काय आहे?"

पलीकडे हुसेनचाचांचा लोखंडी पत्रा खणकला. मी आजीची बोटं एकेक करून उलगडली, तिचा तळहात भिंतीवर टेकवला आणि वरून माझे दोन्ही हात ठेवून घट्ट दाबून धरला.